दक्षिणेंतील सरदार आणि त्यांचे रुमाल

एखादें राज्य लयास गेलें म्हणजे त्या राज्याच्या धन्याचें पुढें काय झालें, हें शाळेच्या क्रमिक पुस्तकांतहि सांपडतें. दुसरे बाजीराव १८१८ च्या जून महिन्यांत सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले, त्यांना सालीना आठ लक्ष रुपयांचें पेन्शन मिळालें आणि ते ब्रह्मावर्तास जाऊन राहिले, एवढें कोणीहि विद्यार्थी सांगूं शकतो. परंतु त्या राज्यांत ज्यांच्या दारीं हत्ती झुलत होते, ज्यांना चौघडा, अबदागीर आणि पालखी यांचा मान होता, त्या सरदार-मानकऱ्यांचें दुसऱ्या दिवसापासून काय झालें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज मला त्यांच्याविषयीं, आणि त्यांच्यापेक्षांहि अधिक त्यांच्या घरच्या कागदांविषयीं, चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम हा वर्ग तयार झाला कसा, तें पाहूं. शिवछत्रपतींचें धोरण सेवकास जहागीर न देतां रोख वेतन देण्याचें होतें. जहागीर दिली कीं माणूस त्या मुलखाचा धनी होऊन बसतो आणि चाकरी विसरतो, हें त्यांनीं आदिलशाहींत डोळ्यांनीं पाहिलें होतें. राजाराममहाराजांच्या वेळीं मात्र काळ फिरला. औरंगजेबाच्या फौजा दक्षिणभर पसरलेल्या, खजिन्यांत खडखडाट, आणि छत्रपति दूर जिंजीस. अशा वेळीं जो सरदार जेवढा मुलूख सोडवील तेवढा त्याला सरंजाम, असें आश्वासन देण्यावांचून गत्यंतर नव्हतें. त्या आश्वासनानें राज्य तगलें. आणि त्याच आश्वासनानें पुढें राज्याचे वांटे पडले, हेंहि तितकेंच खरें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत वतनदारांविषयीं जें प्रकरण आहे, तें या दृष्टीनें पुनः पुनः वाचण्यासारखें आहे. हे लोक म्हणजे लहान लहान स्वतंत्र राजेच. त्यांना दुखवूं नये आणि मोकळेंहि सोडूं नये, असा त्या मुरब्बी मुत्सद्द्याचा सल्ला आहे.

येथें एक खुलासा केला पाहिजे. सरंजाम, इनाम आणि वतन हे तीन शब्द आपण सरसहा एकाच अर्थानें वापरतों. पण जुन्या लोकांच्या लेखीं त्यांत मोठें अंतर होतें. सरंजाम हा फौज बाळगण्यासाठीं. चाकरी सुटली कीं तो सरकारास परत घेतां येई. इनाम हें देणगीदाखल, बहुधा करमुक्त व वंशपरंपरेचें. वतन हें एखाद्या कामाशीं जोडलेलें: देशमुखाचें, देशपांड्याचें, पाटलाचें, कुलकर्ण्याचें, आणि गांवच्या महाराचेंहि. शेवटच्या वतनाचा उल्लेख मी मुद्दाम करतों. ज्याला आपण कुळाचा मान म्हणतों, तोच दुसऱ्याच्या पायांतली बेडी कसा होऊं शकतो, हें डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणून दाखविलें होतें.

ही सरदारी एका जातीची नव्हती, आणि पुष्कळांची समजूत असते तशी ती अनादि कालापासूनचीहि नव्हती. इचलकरंजीच्या घराण्याचा मूळपुरुष नारो महादेव हा जोशी आडनांवाचा ब्राह्मण; सेनापति संताजी घोरपडे यांनीं त्याला वाढविलें, म्हणून कृतज्ञतेनें त्यानें घोरपडे हें आडनांवच धारण केलें. पुढें त्या घराण्याचे कुलोपाध्याय होते कोंकणांतील कोतवड्याचे हरभट पटवर्धन. या भिक्षुकाच्या मुलांनीं पेशव्यांच्या चाकरींत अशी तलवार गाजविली कीं, मिरज, तासगांव, सांगली, जमखिंडी, कुरुंदवाड एवढा विस्तार झाला, आणि नातवांपैकीं परशुरामभाऊ १७९९ सालीं पट्टणकुडीच्या रणांत पडले. होळकर धनगर, शिंदे व गायकवाड मराठे, विंचूरकर देशस्थ. आणि १८२० सालीं ज्या सहा जहागीरदारांशीं इंग्रजांनीं करार केले त्यांत औंधचे पंतप्रतिनिधि, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे व अक्कलकोटचे भोसले यांच्या पंक्तीला वाईचे शेख मीरासाहेबहि होते. आंग्र्यांचा सरखेल, नागपूरकरांचा सेनासाहेबसुभा, चव्हाणांचा हिंमतबहाद्दर हे किताब नुसते उच्चारले तरी एकेक मोहीम डोळ्यांपुढें उभी राहते. आमच्या गिरगांवांतील आंग्रेवाडीवरून जातांना मला नेहमीं कान्होजींच्या गलबतांची आठवण येते. वाडीच्या नांवाचें मूळ कांहींहि असो.

आतां १८१८ कडे वळूं. त्या वर्षीं ११ फेब्रुवारीस माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें साताऱ्यास जाहीरनामा काढला. बाजीरावाचें राज्य संपलें. परंतु ज्यांचीं वतनें, इनामें, वर्षासनें, देवस्थानें असतील तीं पूर्ववत् चालविलीं जातील, असें अभिवचन त्यांत होतें. त्यांत एल्फिन्स्टनची दानत होती तशी धूर्तताहि होती. जुना मानकरी संतुष्ट राहिला कीं त्याच्यामागचा गांवहि शांत राहतो, हें तो पक्कें जाणून होता. पुढें तो मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि १८२७ सालच्या कायद्यांनीं दक्षिणेंतील सरदारांसाठीं एक स्वतंत्र एजंट पुण्यास नेमण्यांत आला. सरदारांची पहिला, दुसरा व तिसरा अशा तीन वर्गांत यादी झाली. सरदारावरील दिवाणी दावा सामान्य कोर्टांत न चालतां एजंटापुढें चाले. दरबारांत कोणी कोठें बसावें, अत्तरगुलाब व पानसुपारी कोणास कोणाच्या हातून मिळावी, हेंहि त्या वर्गावरून ठरे. आज आपणांस याचें हंसूं येईल. पण ज्याचें राज्य गेलें, फौज गेली, त्याला पानसुपारीच्या क्रमाखेरीज राखावयास उरलें होतें काय?

मुंबईकरांना एल्फिन्स्टन हें नांव परिचित आहे, परंतु त्यांत नेहमीं एक घोंटाळा होतो. एल्फिन्स्टन कॉलेज ज्याच्या नांवानें निघालें तो हा माउंट स्टुअर्ट. आणि परळजवळच्या ज्या स्टेशनाचें नांव २०१८ सालीं प्रभादेवी झालें, त्याचा एल्फिन्स्टन म्हणजे याचा पुतण्या लॉर्ड जॉन, १८५३ ते १८६० पर्यंत मुंबईचा गव्हर्नर. त्या काळीं गव्हर्नरांचें राहणें परळच्या वाड्यांत असे. आज तेथें हाफकिन संस्था आहे. इतिहासाचा खेळ असा कीं, चुलत्यानें जें अभिवचन दिलें त्याची उलटतपासणी पुतण्याच्या अमदानींत ऐन भरांत आली. तिचें नांव इनाम कमिशन.

इनामांची चौकशी दक्षिण मराठा मुलखांत १८४३ पासूनच सुरू झाली होती. १८५२ च्या अकराव्या ॲक्टानें तिला कायद्याचें बळ आलें. तत्त्व दिसावयास सरळ होतें: ज्याच्यापाशीं खरी सनद असेल त्यानें ती दाखवावी. पण विचार करा. आजोबांस मिळालेला कागद, मधल्या काळांत दोनदां गांव लुटलेलें, एकदां वाडा जळालेला, भाऊबंदांत वांटण्या झालेल्या. आणि समोर खुर्चीवर बसलेला अधिकारी म्हणतो, कागद आण, नाहींतर जमीन सोड. शिवाय पेशव्यांचें सारें दप्तर सरकारच्याच हातीं होतें. इनामदारानें दाखविलेला कागद त्या दप्तराशीं ताडून पाहतां येई, परंतु तें दप्तर उघडून पाहण्याची सोय इनामदारास नव्हती. १८५७ पूर्वींच्या पांच वर्षांत सुमारें वीस हजार इनामें जप्त झालीं, असा आकडा इतिहासग्रंथांतून दिला जातो. खोटीं इनामें मुळींच नव्हतीं, असें मी म्हणत नाहीं. बाजीरावाच्या शेवटच्या धामधुमींत लांचलुचपतीनें मिळविलेल्या सनदा होत्याच. परंतु चोर पकडण्यासाठीं सगळ्या गांवाची झडती घेतली म्हणजे गांवाला चोराचा राग न येतां झडती घेणाराचा येतो. नरगुंदच्या भास्करराव भाव्यांना दत्तक नाकारला गेला, आणि १८५८ सालीं तेथें जें रक्त सांडलें तें सर्वश्रुत आहे. त्यानंतर सरकारनें हात आंखडता घेतला. १८६३ च्या कायद्यांनीं आकारणीचा चौथा हिस्सा भरा आणि निश्चिंत राहा, अशी तडजोड केली.

या कमिशनांत काम करणारांपैकीं एक गृहस्थ स्वतः सरदारी वातावरणांत वाढलेले होते, ते म्हणजे लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख. त्यांचे वडील बापू गोखल्यांचे फडणीस. मुंबईस भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रांतून १८४८ पासून त्यांनीं जीं शतपत्रें लिहिलीं, त्यांत आपल्या वर्गाच्या आळसाची, कर्जाची आणि पोकळ डौलाची त्यांनीं गय केली नाहीं. घरच्याच माणसानें काढलेले दोष म्हणून त्यांना वजन आहे.

श्रोतेहो, हें दुःख आपल्याच वांट्याला आलें असें मात्र नाहीं. पोलंड देशाची अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन खेपांनीं, शेजारच्या तीन बादशाह्यांनीं वांटणी केली. तेथें 'श्लाख्ता' नांवाचा सरदारवर्ग होता, आणि तो फार मोठा असून त्यांतले पुष्कळ लोक नांवाचे उमराव व पोटानें शेतकरी होते. १८३०-३१ च्या बंडानंतर रशियाच्या झारनें त्यांच्याकडेहि हेंच मागितलें: कागद दाखवा. ज्यांना कुलीनपणाचा लेखी पुरावा देतां आला नाहीं असे हजारों लोक एका हुकुमासरशीं सामान्य रयत झाले. स्वतंत्र पोलंडनें तर १९२१ च्या घटनेनें किताब आणि कुलचिन्हें यांची मान्यताच काढून घेतली. तरीहि त्या घराण्यांचे वंशज आज संस्था काढून वंशावळी, कुलचिन्हें आणि चालीरीती जतन करीत आहेत. आणि त्या संस्थांना सरकारदरबारीं कांहींहि मिळवावयाचें नाहीं, हें लक्षांत घेतलें पाहिजे. पोलिश लोक आपल्याला अगदींच परके नाहींत. १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडें येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलें, राहत होते. रशियनांनीं त्यांना घरांतून उचलून थेट सैबेरियाकडे नेलें होतें. अशा माणसाला घराण्याचा कागद म्हणजे काय, हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

आपल्याकडे मात्र कागदांचें झालें तें निराळेंच. इनाम कमिशनच्या अनुभवानें घराण्यांच्या मनांत दोन परस्परविरुद्ध गोष्टी ठसल्या. कागद हा प्राणाइतका जपला पाहिजे, ही एक. आणि कागद परक्याला दाखवूं नये, तो आपल्यावरच उलटेल, ही दुसरी. म्हणून रुमाल माळ्यावर गेले. तेथें वाळवी आणि गळतें छप्पर यांनीं आपलें काम केलें. पुढच्या पिढीला मोडी येईनाशी झाली. मग त्या रुमालांत राजकारण आहे कीं वाण्याची उधारी आहे हें कळणार कसें? कित्येक दप्तरें रद्दीच्या भावानें गेलीं आणि त्यांच्या पुड्या झाल्या. पुण्यांत बुधवारवाडा १८७९ सालीं जळाला, आणि दक्षिण महाराष्ट्रांतील अनेक वाडे १९४८ च्या जाळपोळींत गेले. वाडा पुन्हां बांधतां येतो, त्यांतला रुमाल पुन्हां लिहितां येत नाहीं.

हे रुमाल वांचविण्याचें काम ज्यांनीं केलें ते बहुतेक शाळामास्तर होते, हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो. तेवढी सवलत श्रोते मला देतील. काशिनाथ नारायण साने यांनीं सहकाऱ्यांसह १८७८ सालीं पुण्यास 'काव्येतिहाससंग्रह' मासिक काढून बखरी छापावयास आरंभ केला. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृतचे शिक्षक. पटवर्धनांचें दप्तर त्यांच्या गांवांतच होतें. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळांत मोडी रुमाल, असें त्यांनीं आयुष्य काढलें. १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' ते प्रसिद्ध करूं लागले आणि १९२४ सालीं मृत्यु येईपर्यंत त्याचे बारा भाग काढले. ग्राहक थोडे, छापखान्याचें देणें थोर, आणि पगार शिक्षकाचा! पानिपतानंतरच्या मराठशाहीचा इतिहास आज आपण जो विश्वासानें सांगतों, तो पुष्कळसा या एका माणसाच्या डोळ्यांनीं वाचलेला आहे. आणि खुबी अशी कीं, शास्त्रीबोवांनीं पटवर्धनांची स्तुतिस्तोत्रें गाइलीं नाहींत. पत्रें जशींच्या तशीं छापलीं आणि त्यांत भाऊबंदकी असेल तर तीहि राहूं दिली.

राजवाड्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहेच. पानिपतापूर्वींच्या, म्हणजे १७५० ते १७६१ या काळच्या पत्रांचा त्यांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, आणि पुढें एकंदर बावीस खंड झाले. गांवोगांव पायीं हिंडावें, वाड्याच्या मालकाची मनधरणी करावी, आणि पुष्कळदां रिक्त हस्तें परतावें, असा त्यांचा क्रम होता. त्यांचा तापट स्वभाव पाहतां मनधरणीचें काम त्यांनीं केलें तरी कसें, याचेंच मला नवल वाटतें. ७ जुलै १९१० रोजीं त्यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें तेव्हां त्यांचे सहसंस्थापक होते सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे. हें घराणें नांवाजलेलें. बळवंतराव मेहेंदळे पानिपतच्या मोहिमेंत १७६० च्या डिसेंबरांत धारातीर्थीं पडले, आणि त्यांचे चिरंजीव अप्पा यांच्या नांवाचा चौक पुण्यांत पुस्तकें घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास माहीत आहे. फटकळ संशोधक आणि खानदानी सरदार यांची ही जोडी जमली, म्हणून मंडळ उभें राहिलें. सरदारांच्या घरांचे बंद दरवाजे उघडण्यास सरदारच हवा होता, असें मला वाटतें.

सरकारच्या हातांतलें पेशवे दप्तर उघडण्यास मात्र आणखी वीस वर्षें लागलीं. सर जदुनाथ सरकार यांच्या आग्रहानें तें काम निघालें, आणि रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. ज्या दप्तराचा उपयोग एके काळीं इनामें खालसा करण्यासाठीं झाला, तेंच आतां इतिहासाची खाण ठरलें.

मी परळ-लालबागच्या बाजूस पुष्कळ वर्षें इतिहास शिकविला. वर्गांत बहुतेक मुलें गिरणीकामगारांचीं. हजेरीपटावर जाधव, मोरे, शिर्के, सावंत, घाटगे, निंबाळकर. मोहिमांचा पाठ चालू असतां एखादें पोर हमखास विचारी, "गुरुजी, मग आम्हीपण सरदार होतों का?" या प्रश्नाला होय म्हणणें सोपें, नाहीं म्हणणें त्याहून सोपें. मी त्यांना सांगत असें कीं, बाळांनो, सरदाराच्या दप्तरांत सरदार एकटाच नसतो. त्यांत शिलेदारांच्या हजेऱ्या असतात, घोड्याच्या दाण्याचा भाव असतो, मेलेल्या बारगिराच्या बायकोला दिलेल्या बालपरवेशीची नोंद असते, वेठीला धरलेल्या माणसाची तक्रारहि असते. तुमचे पणजोबा पालखींत होते कीं पालखीखालीं, हें मला माहीत नाहीं. पण ते कागदांत असण्याचा संभव मोठा आहे.

स्वातंत्र्यानंतर या वर्गाचे अधिकार भराभर गेले. राज्यघटनेनें किताब बंद केले. १९५० च्या कायद्यानें परगणे व कुलकर्णी वतनें, १९५२ च्या कायद्यानें वैयक्तिक इनामें संपलीं. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें त्यानंतर. पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें. आणि संस्थानिकांचे तनखे १९७१ सालीं. यांत अन्याय झाला असें मला वाटत नाहीं. कांहीं घराण्यांनीं तर काळ ओळखून आधींच पावलें टाकलीं होतीं. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं १९३९ सालीं प्रजेस स्वराज्य दिलें आणि आपला चित्रसंग्रह लोकांसाठीं खुला केला. मला खटकतें तें निराळेंच. लग्नपत्रिकेवर 'श्रीमंत' आणि 'सरदार' छापणारे हौशी पुष्कळ भेटतात, फेटे बांधून मिरवणुकी निघतात. त्यांच्याच माळ्यावरचा रुमाल मात्र तीस वर्षें कोणी सोडलेला नसतो.

असे रुमाल केवळ वाड्यांतच असतात असें नाहीं. दादरच्या किंवा गिरगांवच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतहि आजोबांची ट्रंक असते आणि तिच्या तळाशीं मोडी कागदांचें पुडकें निघतें. तें निघाल्यास घाईनें उलगडूं नये. घडीवर घडी मोडून कागद तुटतो. त्याला डिंक लावूं नये, वरून चिकटपट्टी मारूं नये, प्लॅस्टिकमध्यें डकवूं तर मुळींच नये. उन्हांत न ठेवतां सावलींत हवा द्यावी. मोडी वाचणारे आज थोडे आहेत, परंतु अजून आहेत. शासनाच्या पुराभिलेख खात्यातर्फें तिचे वर्गहि चालतात. ज्यांना कागद घरांतून बाहेर जाऊं द्यावयाचे नसतील त्यांनीं निदान छायाचित्रें काढवून पुण्याच्या मंडळास अथवा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेंत विचारणा करावी. आणि एक गोष्ट विशेष जपावी: रुमालांतील कागद ज्या क्रमानें बांधले असतील तो क्रम मोडूं नये. कारकुनानें कोणता कागद कोणत्या कागदाखालीं ठेवला, यावरूनच पुष्कळदां तारीख नसलेल्या पत्राची तारीख लागते.